ताईच्या खिडकीतलं हवामान

३ नोव्हेंबर

संपादकबाईंचा फोन आला. नववीच्या भूगोलाचं नवं पुस्तक होतंय, त्यातला शेवटचा धडा मी लिहायचा. दोन देशांची तुलना. एक आपला आणि दुसरा समितीने निवडलेला, पार उत्तरेकडचा, थंड, हजारो तळ्यांचा. चौदा पानं, तीन तक्ते, दोन नकाशे. मुदत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत.

मी म्हटलं, "बाई, तेहतीस वर्षं शिकवलं खरं, पण बर्फ मी फ्रीजमध्ये खरवडला तेवढाच."

त्या म्हणाल्या, "तुमची बहीण तिथंच असते ना?"

असते, म्हटलं आणि नकाशांचा विषय काढला.

निवृत्त झाल्यापासूनच्या दोन वर्षांत मी भाजी आणली, नळ दुरुस्त करवून घेतले आणि हिच्या स्वयंपाकघरात नसते सल्ले दिले. कुणी काम सांगितलं की पाठ आपोआप ताठ होते. म्हणून ही वही. मुलांना आयुष्यभर निरीक्षण-वही ठेवायला लावली, न ठेवणाऱ्यांना वर्गाबाहेर उभं केलं. स्वतः कधी ठेवली नव्हती.

६ नोव्हेंबर

पहिली दोन पानं लिहिली आणि फाडली. 'आपला देश उष्ण आहे, तो देश थंड आहे.' हे लिहायला मी कशाला हवा? वाचनालयातली पुस्तकं जुनी. सरासरी तापमान, सरासरी पर्जन्य. सरासरीत माणूस राहत नाही, असं मीच वर्गात सांगायचो.

संध्याकाळी ही म्हणाली, "वन्संना विचारा की. बसल्या जागी सगळं सांगतील."

"बघू."

"काय बघू? सहा वर्षं वाढदिवसाला दोन ओळी पाठवता, त्याही एकमेकांना पत्रिका पाठवल्यासारख्या. निमित्त आहे तर विचारा."

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. नर्स म्हणून तिकडे गेली, त्याला आता एकतीस वर्षं होतील. लग्न केलं नाही. आई गेल्यापासून आमचं बोलणं जवळजवळ नाहीच. त्याविषयी इथं लिहायचं कारण नाही, ही वही धड्याची आहे.

९ नोव्हेंबर

चार वेळा खोडून पाचव्यांदा मेसेज पाठवला. 'ताई, पाठ्यपुस्तकासाठी तुझ्या देशावर धडा लिहितो आहे. रोज सकाळी आठ आणि दुपारी बाराचं तापमान, आकाशाची स्थिती, जमल्यास एक फोटो असं कळवशील का? तसदीबद्दल क्षमस्व.'

दहा मिनिटांत उत्तर. 'कळवते. वेळ भरपूर आहे. आणि ठोंब्या, तसदी कसली?'

ठोंब्या! एकसष्ट वर्षांच्या माणसाला. बराच वेळ फोन हातात धरून बसलो होतो. हिने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, आकडे येणार आहेत.

११ नोव्हेंबर

आले. सकाळी आठ: उणे तीन, ढगाळ, अजून अंधार. दुपारी बारा: उणे एक, पातळ ऊन, वारा नाही. तळ्याच्या कडेला साय धरल्यासारखा बर्फ. 'साय' हा शब्द धड्यात घ्यायचा.

तापमापक खिडकीच्या काचेला बाहेरून चिकटवलेला आहे म्हणे, तिकडे सगळीकडे असतो. मी विचारलं, घराच्या खिडकीला का? तर म्हणाली, 'नाही, घर तळमजल्यावर. मी हॉस्पिटलमध्येच असते आजकाल, तिसरा मजला.'

दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली ना ही? काही माणसांची कामाची खोड जात नाही. मी निदान शाळेच्या फाटकाशी घुटमळत तरी नाही.

१६ नोव्हेंबर

आकडे अगदी चोख, वेळच्या वेळी. फोटोंबाबत मात्र तक्रार आहे. रोज तीच खिडकी, तेच गाड्या लावायचं मैदान, त्यापलीकडे तळ्याची पट्टी आणि काळी झाडं. मी लिहिलं, 'जरा बाहेर पडून तळ्याकाठचे, जंगलातले काढ. मुलांना खडक दिसले पाहिजेत.'

तिचं उत्तर: 'बाहेर निसरडं आहे. खडक तू पुस्तकातून घे, मी आकाश देते.'

पूर्वी हीच ताई झाडावरून खाली उतरायची नाही. वय झालं.

२४ नोव्हेंबर

आज धडा धावला. मातीचा भाग लिहीत होतो. आपल्याकडे नद्यांनी गाळ आणून आणून मैदानं केली, विहीर खणली तरी माती संपत नाही. तिकडे हजारो वर्षं बर्फ जमिनीवरून घसरत होता. त्याने माती खरवडून नेली, खडक उघडा पाडला आणि जिथं खोल ओरबाडलं तिथं तळी झाली. मी ताईला हे पाठवलं. तिने लिहिलं, 'म्हणजे आपल्याकडे नदी आणून देत बसली आणि इथं बर्फ घेऊन गेला. लिही असंच, मुलांना कळेल.'

लिहिलं. ती शिक्षिका व्हायला हवी होती. मला नकाशा वाचायला तिनेच शिकवलं, भिंतीवरच्या ओलीचे डाग दाखवून. हा खंड, हा समुद्र, हे बेट तुझं, ते माझं.

मग तिने एकदम विचारलं, 'आईच्या खोलीत ऊन कधी यायचं रे? आठवत नाही.'

मी कळवलं, 'खिडकी पूर्वेची. सकाळी सव्वासात ते नऊ. आपल्याकडे दुपारी सूर्य डोक्यावर, त्यामुळे बारा वाजता घरात उन्हाचा टिपूसही नाही, सगळं छपरावर. तुलनेसाठी मुद्दा चांगला आहे.'

तिने अंगठा पाठवला. पुढे काही लिहिलं नाही.

२ डिसेंबर

ताईने नवीनच निरीक्षण सुरू केलंय आणि मी खूश आहे. तिची खिडकी दक्षिणेची. तिकडे हिवाळ्यात सूर्य क्षितिजावरून सरपटत जातो, त्यामुळे भर दुपारी ऊन आडवं खोलीत शिरतं आणि समोरच्या भिंतीवर पडतं. सूर्य जितका खाली, तितकं ते भिंतीवर वर चढतं. बरोबर बाराला त्या उजेडाच्या वरच्या कडेशी ती चिकटपट्टीचा तुकडा लावते, शेजारी तारीख. रोज बोटभर वर. भिंतीचा फोटो आलाय: पट्ट्यांची शिडी आणि खाली पांढऱ्या खाटेची कड, गादीवर ३ असा आकडा.

विचारलं, 'वॉर्डातल्या भिंतीवर पट्ट्या लावू देतात?'

'इतकी वर्षं इथं काम केलंय. मला कोण नाही म्हणेल?'

'आणि तीन नंबरच्या पेशंटला चालतं का रोज डोक्याशी मोजमाप केलेलं?'

'चालतं. तिला दुसरं काम नाही.'

मोठ्याने हसलो. हिने ते दोन्ही मेसेज वाचले. ती हसली नाही. म्हणाली, "वन्संची तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, "तब्येतीला काय झालंय? वॉर्डावर दादागिरी चाललीय तिची."

१३ डिसेंबर

दहा, अकरा, बारा तारखेचे आकडे नाहीत! तक्त्यात भोक पडलं. मी जरा कडक शब्दांत लिहिलं की एकदा हाती घेतलेलं निरीक्षण मधे सोडायचं नसतं. आज दुपारी उत्तर आलं, 'चुकलं. तीन दिवस वॉर्डात गडबड होती. आजचं घे, उणे सतरा, निरभ्र.'

मधल्या तीन दिवसांचे आकडे अदमासाने भरले. शिस्तीत बसत नाही, पण बसवलं.

२२ डिसेंबर

काल त्यांचा सर्वांत लहान दिवस. पाच तास चाळीस मिनिटं उजेड, तोही दुधात पाणी घातल्यासारखा. ऊन भिंतीवर सर्वांत वर पोचलं. ताईने लिहिलं, 'आता उद्यापासून खाली उतरणार. म्हणजे सूर्य वर येणार. भिंतीवरचं जातं आणि आकाशात वाढतं, गंमत आहे ना?'

आमचा दिवस त्याच दिवशी अकरा तासांचा. आमचा फरक कळतसुद्धा नाही, दिवे लावायची वेळ तीच. मी तक्ता पूर्ण केला. हे धड्याचं सर्वांत चांगलं पान आहे.

मग मी सहज विचारलं, 'तीन नंबरची बाई काय म्हणते?'

'म्हणते, सर्वांत लहान दिवस बघून झाला, हे बरं झालं.'

४ जानेवारी

आज जे झालं ते लिहायला हात होत नाही, पण लिहितो.

धडा बांधून तयार होता. संपादकबाईंना एक फोटो हवा होता. ताईचे पन्नासेक फोटो टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर लावून बघत बसलो होतो. ही चहा घेऊन आली आणि मागे उभी राहिली. एका फोटोत बाहेर अंधार होता आणि काच आरशासारखी झाली होती. मी पुढचा लावायला गेलो.

"थांबा. मागे घ्या."

मागे घेतला. काचेत फोन धरलेला हात दिसत होता. मनगटावर पांढरा प्लॅस्टिकचा पट्टा. हाताच्या पाठीवर चिकटपट्टी आणि तिच्यातून निघालेली नळी.

"हा नर्सचा हात आहे का हो?" ही म्हणाली.

मी म्हटलं, प्रतिबिंबात पेशंट आली असेल. हिने चहाचा कप टेबलावर ठेवला. मग तीच म्हणाली, "हॉस्पिटलमध्ये असते असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्हीच ती कामावर आहे असं ठरवलंत. मला महिनाभर वाटतंय, पण म्हटलं तुमची बहीण, तुम्हाला कळत असेल. आता लिहू नका. फोन करा."

मी चहा प्यायलो. फोटो पुन्हा पहिल्यापासून बघितले. एकाही फोटोत ती खिडकीपासून चार पावलंसुद्धा लांब गेलेली नाही.

फोन केला नाही. उद्या करीन.

५ जानेवारी

सहा वर्षांनी तिचा आवाज ऐकला. बारीक झालाय, मधे मधे श्वास घ्यायला थांबते.

"अरे, आकडे पोचले नाहीत का?"

"ताई, तीन नंबरच्या खाटेवर कोण आहे?"

ती हसली. "लागला का पत्ता? दोन महिने लागले, ठोंब्या."

सप्टेंबरपासून आहे ती तिथे. पोटात, सगळीकडे पसरलेलं. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. डिसेंबरातले ते तीन दिवस ताप चढून शुद्ध नव्हती. आणि मी तिला निरीक्षणाच्या शिस्तीवर भाषण दिलं होतं.

"का नाही कळवलंस?" मी ओरडलोच.

"तू भूगोल विचारलास, मी भूगोल सांगितला. बरं वाटत होतं रे. रोज बारा वाजायची वाट बघायला काहीतरी होतं." थांबली. "आणि म्हटलं, आईला जमलं ते मला का जमू नये? तिने नाही का सांगितलं, ताईला कळवू नका, उगाच लांबून धावत येईल. तिच्यासारखंच करायचं ठरवलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

तिनेच विचारलं, "खरंच म्हणाली होती ना रे आई तसं?"

आणि मी म्हटलं, "हो."

७ जानेवारी

काल पान कोरं ठेवलं. आता लिहूनच टाकतो, ही वही धड्याची राहिलेली नाही.

आई तसं म्हणाली नव्हती.

डॉक्टरांनी तीन आठवडे सांगितले होते, आई अकराच दिवस राहिली. मी त्याच दिवशी ताईला कळवायला हवं होतं. आईला म्हटलं, कळवलंय, निघतेय ती. हिलाही तेच सांगितलं. आणि कळवलं नाही. आज कळवू, उद्या कळवू. विमान, रजा, तिकडचा हिवाळा, एवढ्या लांबून येऊन ती काय करणार, अशी कारणं स्वतःशी जुळवत होतो. खरं कारण वेगळं आहे आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईच्या उशाशी शेवटी मी एकटा असावा असं मला वाटत होतं. पंचवीस वर्षं औषधपाणी मी बघितलं, रात्री उठून दार मी उघडलं, आणि आई रोज विचारायची, तिकडे आता किती वाजले असतील? ताई येती तर दोन दिवसांत ते सगळं तिचं झालं असतं.

आई रोज सकाळी हिला सांगायची, माझे केस विंचरून दे, ती येईल. ही विंचरून द्यायची. अकरा सकाळी. मी दारात उभा राहून बघितलंय.

आई गेल्यावर दुसऱ्या दिवशी ताईला फोन केला, अचानक झालं म्हणून. पुढे कागदपत्रांत तारखा बघून तिने विचारलं, अकरा दिवस अंथरुणात होती, मला का कळवलं नाहीस? तेव्हा सुटका म्हणून तोंडातून निघालं की आईनेच नको म्हटलं. ताईने 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. त्यानंतर सहा वर्षं वाढदिवसाच्या दोन ओळी.

एका वाक्याचं खोटं. आणि ते ऐकून ती तिकडे एकटी, आईसारखं वागतेय असं समजून.

हिला आज सगळं सांगितलं. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "मी रोज त्यांना सांगत होते, आज येतील हं ताई. मला खोटं पाडलंत तुम्ही त्यांच्यासमोर." आणि नंतर, "जा तिकडे. हे फोनवर सांगायचं नाही."

१९ जानेवारी

व्हिसाचा अर्ज लेकीने भरून दिला होता, त्याची मुलाखत झाली. खिडकीमागच्या तरुणाने विचारलं, जाण्याचं कारण? म्हटलं, बहीण आजारी आहे. किती दिवसांपासून? सप्टेंबरपासून. त्याने कागदावरून मान वर करून बघितलं.

संपादकबाईंना धडा पोचला. खूश आहेत. म्हणाल्या, "प्रत्यक्ष निरीक्षणाचा जिवंतपणा आहे."

३ फेब्रुवारी

पोचलो. थंडीबद्दल मी जे जे लिहिलं ते माहितीपुरतं बरोबर आहे, एवढंच. उणे एकवीसमध्ये नाकातले केस कडक होतात, पायाखाली बर्फ नव्या चपलेसारखा करकरतो आणि डोळ्यांतून पाणी येतं त्याला रडणं म्हणत नाहीत. विमानतळावर ताईची शेजारीण घ्यायला आली होती. गाडीत इंग्रजीत एकच वाक्य बोलली, "आम्हाला वाटलं तिचं कुणी नाही."

ताई उशीवर इतकीशी दिसली. मी दारात उभा राहिलो. ती म्हणाली, "दार लाव, गारठा येतो," आणि मग, "जाडा झालास." नर्सने खुर्ची दिली. ताईचा हात हातात घेतला तर तो पट्टा मनगटावरून कोपरापर्यंत सरकला.

बोलायचं ठरवून आलो होतो. बोललो नाही. प्रवासाच्या गप्पा मारल्या.

५ फेब्रुवारी

सकाळी तिला जरा हुशारी होती. धडा वाचून दाखव म्हणाली. वाचला. 'येथील लोक कष्टाळू व काटक असतात' या वाक्याला तिने हात वर केला. "कुठल्या देशातले नसतात रे? आणि मी काटक दिसतेय का तुला?" मी तिथेच खोडलं. दिवसाच्या लांबीचं पान मात्र तिने दोनदा वाचायला लावलं.

मग मी कागद खाली ठेवला आणि सांगितलं. सगळं. आईने नको म्हटलं नव्हतं. मी कळवलंच नव्हतं. ती रोज केस विंचरून बसत होती, तू येशील म्हणून.

"किती दिवस?"

"अकरा."

"आणि तू तिला काय सांगायचास?"

"वाटेत आहे म्हणून."

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. पण तशीच म्हणाली, "म्हणजे तिने मला नको म्हटलं नव्हतं."

"नाही, ताई."

"सहा वर्षं मी हा विचार करतेय, की मी असं काय केलं होतं, शेवटी तिला मी नको झाले." आवाज चढला नव्हता. चढायला हवा होता. "जा आता. बाहेर बस."

६ फेब्रुवारी

दिवसभर व्हरांड्यातल्या बाकावर. नर्स आत-बाहेर करते, माझ्याकडे बघून मान हलवते. अजून नाही. दुपारी शेजारीण सूप घेऊन आली, एक वाटी मलाही दिली. तिला काहीच माहीत नाही. माहीत असतं तर दिली नसती.

७ फेब्रुवारी

आज बोलावलं.

खुर्चीवर बसलो. माफ कर म्हणायला तोंड उघडलं तर तिने बोट वर केलं, वर्गातल्या बाईंसारखं.

"ते नको. मी तुला माफ केलं असं कुठे लिहू नकोस, त्या वहीतसुद्धा नको. तेवढं करायला वेळ लागतो आणि माझ्याकडे तो नाही." श्वास घेतला. "पण उठू नकोस. इथेच बस. आईचं सांग. अकरा दिवसांतला एकेक दिवस सांग, काय खाल्लं, काय बोलली. काही गाळू नकोस. तुला आठवतंय ना सगळं?"

आठवत होतं. पहिल्या दिवसापासून सुरुवात केली.

१४ फेब्रुवारी

आठवा दिवस सांगून झाला. रोज एकच सांगतो, जास्त तिला झेपत नाही. मधेच प्रश्न विचारते. पांढऱ्या साडीला निळे काठ की हिरवे? केस किती उरले होते? काल सांगितलेल्या दिवशी आई चिडली होती आणि वाटी सरकवून दिली होती, ते ऐकून ताई एवढी खूश झाली की पुन्हा सांगायला लावलं.

ऊन आता भिंतीवरून पार खाली उतरलंय, उशीच्या खाली. ताईच्या तोंडावर पोचत नाही. नर्सला खुणेने विचारलं आणि आम्ही दोघांनी मिळून खाट खिडकीशी ढकलली. चाकं कुरकुरली. ताई म्हणाली, "हळू, भूकंप होईल." ऊन गालावर आलं. तीन मिनिटांत झोप लागली तिला.

१७ फेब्रुवारी

ताई सकाळी सव्वादहाला गेली. काल दहावा दिवस सांगून झाला होता. अकरावा राहिला.

मी तेव्हा जवळ होतो. हात हातात होता. मला वाटलं होतं अशा वेळी काहीतरी कळतं, पण नर्सने खांद्यावर हात ठेवला तेव्हाच समजलं.

नर्सने तिची पिशवी आणून दिली. आत चष्मा, लोकरी मोजे आणि पत्ते-फोन नंबरांची लहान वही. व्हरांड्यातल्या टेबलाशी बसलो आणि वहीचं पहिलं पान उघडलं. शेजारीण, जुन्या वॉर्डातल्या बाया, वाचनालयातली एक, दात बघणारा डॉक्टर, कुणी एक पोहण्याची मैत्रीण. एकेकाला फोन केला. त्यांच्या भाषेतलं मला एवढंच येत होतं, तेही नर्सने कागदावर लिहून दिलं होतं: मी तिचा धाकटा भाऊ. ती आज सकाळी गेली. तुम्हाला लगेच कळवतो आहे.

बहुतेकांना भाऊ आहे हेच माहीत नव्हतं. एकजण रडली आणि मीही फोनवर तसाच थांबलो. एकाने काहीतरी विचारलं, बहुधा खूप वेळ आजारी होती का असं. मला उत्तर देण्याइतके शब्द येत नव्हते. हो म्हटलं.

सतरा फोन झाले. शेवटचा केला तेव्हा घड्याळात साडेबारा वाजले होते. एकालाही उद्यावर ठेवलं नाही.

मग घरी लावला. हिने पहिल्याच घंटीला उचलला. तिला काही सांगावं लागलं नाही. मी म्हटलं, "एक दिवस सांगायचा राहिला गं." ती म्हणाली, "मला सांगा." आणि मी त्या बाकावर बसून, फोन कानाला लावून, तिला माहीत असलेला तो दिवस पहिल्यापासून सांगितला.